लॉकटाइट ५७७ : घरी बांधलेल्या गाडीतील पाइप-जोडांसाठी घ्यावे का?

लॉकटाइट ५७७ हे पिवळ्या रंगाचे, दाट पेस्टसारखे सीलंट धातूच्या निमुळत्या आट्यांवर उत्तम काम करते आणि घरी गाडी बांधणाऱ्याने टेफ्लॉन टेपऐवजी तेच जवळ बाळगावे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. मात्र या मताला एक अट आहे. गाडीत इंधन, ऑइल, कूलंट आणि ब्रेक फ्लुइड वाहून नेणारे जे जोड असतात, त्यांपैकी फार थोड्यांना सीलंटची गरज असते. उरलेल्यांना ते लावणे निरुपयोगी आणि काही ठिकाणी सरळ धोक्याचे असते. त्यामुळे हे परीक्षण लिहिताना ते कुठे लावावे याइतकेच ते कुठे लावू नये, हेही सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

ज्या गाडीवर मी ते वापरले, ती पुण्यात घरामागच्या शेडमध्ये बांधलेली, पोलादी नळ्यांच्या सांगाड्याची दोन आसनी गाडी आहे. इंजिन मारुती एस्टीमचे, १.३ लिटरचे असून ते आसनांच्या मागे बसवले आहे. रेडिएटर मात्र पुढे आहे, त्यामुळे कूलंटच्या दोन नळ्या गाडीच्या मधून लांबवर धावतात. अशी गाडी आपल्याकडे रस्त्यासाठी नोंदवून घेणे व्यवहारात जमत नाही, म्हणून ती ट्रेलरवर चढवून ट्रॅकवर नेतो आणि तिथेच चालवतो. महाविद्यालयांचे जे संघ पीथमपूरला बाहा एसएईइंडिया किंवा कोइंबतूरला फॉर्म्युला भारत या विद्यार्थ्यांच्या गाडी-बांधणी स्पर्धांसाठी गाड्या घेऊन जातात, त्यांच्या गाड्यांतही हेच जोड असतात. फॉर्म्युला स्टुडंट प्रकारच्या स्पर्धांत तर गाडी ६० अंशांच्या कोनात कलती करून पाहतात आणि त्या स्थितीत तिच्यातून कोणताही द्रव गळता कामा नये, असा नियम आहे.

कारखान्यातून येणाऱ्या गाडीत प्रत्येक जोड एकाच आराखड्यातून आलेला असतो. घरी बांधलेल्या गाडीचे तसे नसते. माझ्या गाडीत इंजिन जपानी वंशाचे, ऑइल प्रेशरचा गेज अमेरिकन मापाचा, ऑइल कूलरच्या नळ्या भोसरीच्या हायड्रॉलिक होजच्या दुकानातून करून घेतलेल्या आणि ब्रेकचे भाग नाना पेठेतल्या स्पेअर पार्टच्या दुकानांतून जमवलेले आहेत. गळतीची मुळे बहुतेक वेळा या सरमिसळीत असतात आणि कोणतेही सीलंट ती सरमिसळ दुरुस्त करू शकत नाही.

म्हणून जोडाकडे पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की द्रव अडवण्याचे काम इथे नेमका कोणता पृष्ठभाग करतो. एएन किंवा जेआयसी या अमेरिकन मापांच्या फिटिंगमध्ये ३७ अंशांचा शंकू दुसऱ्या शंकूवर टेकतो आणि तोच द्रव अडवतो. आट्यांचे काम केवळ ते दोन शंकू एकमेकांवर दाबून धरण्याचे असते. या फिटिंगचा क्रमांक नळीचा बाहेरचा व्यास एक-सोळांश इंचात सांगतो, म्हणजे ६ क्रमांकाची फिटिंग ३/८ इंची नळीसाठी असते. तिच्या आट्यांवर टेप गुंडाळली किंवा पेस्ट लावली, तरी शंकूवर ओरखडा असल्यास गळती थांबणार नाही, कारण द्रव शंकूवरून निसटून नळी आणि नट यांच्यामधल्या फटीतून बाहेर पडेल, तिथे आटेच नाहीत. उलट शंकूवर पेस्टचा थर राहिला, तर धातू धातूवर नीट बसत नाही. अशा जोडाला आट्यांवर तेलाचा एक थेंब पुरतो. ४५ अंशांच्या फ्लेअरची, म्हणजे नळीचे टोक शंकूसारखे फुलवून केलेल्या जोडाची, फिटिंगही बाजारात सर्रास मिळते आणि काही मापांत दोन्हींचे आटे सारखेच असल्यामुळे नट बिनबोभाट चढतो, पण शंकू एका रेषेवरच टेकतो. असा जोड हाताला घट्ट लागतो आणि इंजिन तापले की पाझरू लागतो. कोन मोजण्याचे साधे पत्र्याचे गेज ही माझ्या मते सीलंटच्या आधी घेण्याची वस्तू आहे.

बँजो बोल्टला, म्हणजे आतून द्रव जाणाऱ्या पोकळ बोल्टला, तांब्याचे वायसर लागतात, समांतर आट्यांच्या पोर्टला (आटे पाडलेल्या भोकाला) डाउटी वायसर, म्हणजे रबरी कड असलेला धातूचा वायसर, किंवा ओ-रिंग हे गोल रबरी कडे लागते. तिथेही सीलंटला काम नाही. रबरी होजच्या टोकाला तर मुळीच नाही. नळीच्या टोकाला उठाव काढलेला असावा आणि क्लिप त्या उठावाच्या मागे बसवावी, एवढे पुरते. होज घसरू नये म्हणून किंवा घट्ट बसावी म्हणून आत पेस्ट लावण्याची सवय मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. तिने होज उलट निसटायला मदत होते.

उरतात ते निमुळते, म्हणजे टेपर आटे. यांत दर १६ मिलिमीटर लांबीमागे व्यास १ मिलिमीटरने वाढतो, त्यामुळे नर आटा मादी आट्यात पाचरीसारखा रुतत जातो. पण कितीही आवळला, तरी एका आट्याचा माथा आणि दुसऱ्याचा तळ यांच्यामध्ये एक बारीक मळसूत्री वाट उरतेच आणि द्रव त्या वाटेने फिरत फिरत बाहेर येतो. ही वाट भरून काढणे हे सीलंटचे खरे काम. माझ्या गाडीत असे जोड फार नाहीत: ऑइल प्रेशर सेंडर (गेजला दाब कळवणारा भाग), ऑइल तापमानाचा सेन्सर, कूलंट तापमानाचा सेन्सर, कूलंटच्या नळीवरचा हवा काढण्याचा प्लग, ऑइल कूलरचे दोन एल्बो (वळणाचे जोड) आणि त्याच्या अॅडॉप्टरवरचे काही प्लग. ५७७ मी फक्त यांवर वापरले आहे.

हे सीलंट ज्या वर्गात मोडते त्या वर्गाला अॅनरोबिक म्हणतात. हवेतला प्राणवायू मिळत असेल तोवर ते द्रवच राहते. दोन धातूंच्या फटीत कोंडले गेले, हवा तुटली आणि लोखंड किंवा तांब्याचे आयन मिळाले की त्याचे रेणू जोडले जाऊन त्याचे घट्ट प्लास्टिक बनते. अमेरिकेत हार्टफर्डच्या ट्रिनिटी कॉलेजातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक व्हर्नन क्रीबल यांनी १९५३ साली यातून धंदा उभा केला आणि लॉकटाइट हे नाव त्यानंतरचे. १९९७ पासून ते जर्मनीच्या हेंकेल कंपनीकडे आहे. बाटली हाती आली की ती अर्धवट भरलेली दिसते, आणि नवा ग्राहक हमखास दुकानदाराशी वाद घालतो. ती तशीच असावी लागते. आतल्या मोकळ्या जागेतली हवा आणि बाटलीच्या प्लास्टिकमधून झिरपणारा प्राणवायू यांमुळेच माल बाटलीत घट्ट होत नाही. याच कारणाने ते लोखंडी डबीत ओतून ठेवू नये आणि जोडावर लावून उरलेले परत बाटलीत टाकू नये, कारण त्याबरोबर धातूचे कण आत जातात.

आता त्या सरमिसळीकडे येतो, कारण ५७७ विषयीच्या तक्रारींपैकी निम्म्या तरी तिच्यातून येत असाव्यात, असे मला वाटते. टेपर आट्यांच्या दोन जाती आपल्याकडे एकाच काउंटरवर विकल्या जातात: ब्रिटिश पद्धतीची बीएसपीटी आणि अमेरिकन पद्धतीची एनपीटी. आपल्याकडची नळकामाची फिटिंग ब्रिटिश पद्धतीची असते. गेज, सेन्सर आणि रेसिंगचे बहुतेक आयात सामान अमेरिकन पद्धतीचे असते. निमुळतेपणा दोन्हींत सारखाच, पण आट्याचा कोन ब्रिटिशात ५५ अंश आणि अमेरिकनात ६० अंश असतो. १/८ इंची मापात एनपीटीला इंचात २७ आटे, तर बीएसपीटीला २८. १/४ इंचीत १८ आणि १९. अर्धा आणि पाऊण इंचीत मात्र दोन्हींना १४ आटे आहेत आणि घोटाळा तिथे सर्वांत सहज होतो, कारण जोड शेवटपर्यंत गुळगुळीत चढतो, फक्त कोन वेगळे असल्याने आट्यांच्या बगला एकमेकांना नीट भेटत नाहीत.

माझ्या इंजिनाच्या ब्लॉकवर ऑइल प्रेशर स्विचचे पोर्ट १/८ बीएसपीटी आहे, जसे जपानी वंशाच्या बऱ्याच इंजिनांत असते. गेजबरोबर आलेला सेंडर १/८ एनपीटी होता. तो हाताने दोन-तीन फेरे सहज जातो आणि मग अडतो. पान्याने ओढला तर आणखी जातो, पण तेव्हा तो ब्लॉकमधले आटे कुरतडत जात असतो. १/८ इंची पाइप-आट्याचा बाहेरचा व्यास साधारण १० मिलिमीटर असतो, त्यामुळे एम१० बाय १ चा मेट्रिक बोल्टही तिथे काही फेरे चढू शकतो, ही आणखी एक भर. अशा जोडावर पेस्ट थापून गळती थांबवणे म्हणजे इंजिनाचे ऑइल केवळ त्या पेस्टच्या भरवशावर सोडणे होय. आट्याचे पिच गेज, म्हणजे आट्यांमधले अंतर मोजणारी पट्टी, लावून जात ओळखावी आणि योग्य अॅडॉप्टर घ्यावा किंवा टर्नरकडून पितळेचा करून घ्यावा. मी पितळी षटकोनी सळीतून करून घेतला: एका टोकाला बीएसपीटीचा नर, दुसऱ्या टोकाला एनपीटीची मादी. मुंबईकरांना नागदेवी स्ट्रीटवर असे तयार अॅडॉप्टर शोधता येतात.

जात जुळल्यावर ५७७ लावण्याची पद्धत सोपी आहे, पण तिच्यात घाई चालत नाही. दोन्ही आटे तेलमुक्त हवेत; ब्रेक क्लीनर फवारून, ब्रशने घासून आणि पुन्हा फवारून ते पूर्ण कोरडे होऊ द्यावेत. वापरलेल्या इंजिनाच्या पोर्टमधून ऑइल थोडे थोडे उतरत राहते, म्हणून तिथे फडक्याची बारीक बत्ती करून आत धरली आणि शेवटच्या क्षणी काढली. नर आट्याचा पहिला, शक्य तर दुसराही फेरा कोरडा सोडून पुढच्या तीन-चार फेऱ्यांवर पूर्ण गोल कडे बसेल असे सीलंट सोडावे आणि नोझलच्या टोकानेच ते आट्यांच्या तळापर्यंत दाबावे. पेस्ट थिक्सोट्रॉपिक आहे, म्हणजे दाबली की सरकते आणि सोडली की जागेवर थांबते. त्यामुळे खालच्या बाजूच्या प्लगवर लावतानाही ती ओघळली नाही, हा गुण शेडमध्ये गाडीखाली आडवे पडून काम करणाऱ्याला फार मोलाचा वाटतो. पहिला फेरा कोरडा सोडण्याचे कारण असे की पुढे ढकलला जाणारा माल नळीच्या आत न जाता आट्यातच राहावा. आत गेलाच, तर ऑइलमध्ये तो द्रव राहून विरतो. टेपच्या तुकड्याप्रमाणे तरंगत जाऊन कुठे अडकत नाही.

आवळण्यात मात्र हात आखडता घ्यावा. हाताने घट्ट झाल्यावर लहान मापाच्या जोडाला पान्याचे दीड ते दोन फेरे पुरतात. टेपर आटा पाचरीचे काम करतो आणि थर्मोस्टॅटचे घर किंवा ऑइल फिल्टरखालची अॅडॉप्टर प्लेट ही अॅल्युमिनियमच्या ओतकामाची असते. जास्त ओढल्यास ती पोर्टच्या कडेपासून चिरते. टेपचा सर्वांत मोठा दोष मला इथेच दिसतो. ती वंगणासारखी वागते, आवळताना हाताला विरोध जाणवत नाही आणि माणूस आणखी अर्धा फेरा देतो. त्याशिवाय एल्बो विशिष्ट दिशेला वळवायचा असेल तर टेप लावलेला जोड किंचितही उलटा फिरवता येत नाही, कारण त्यात वाट मोकळी होते. ५७७ घट्ट होण्याआधी एल्बो हवा तसा वळवून ठेवता येतो, पुढे किंवा मागेही, आणि तो त्या जागी बरा होतो, म्हणजे आतले सीलंट पूर्ण घट्ट होते. ऑइल कूलरच्या दोन एल्बोंसाठी मला हे सोयीचे ठरले.

बरे होण्याचा वेळ धातूवर अवलंबून असतो. पितळ आणि साधे पोलाद यांवर ते लवकर धरते. स्टेनलेस, जस्ताचा मुलामा किंवा अॅनोडाइझ केलेले अॅल्युमिनियम यांवर सावकाश. रंगीत अॅनोडाइझ केलेली फिटिंग अॅल्युमिनियमच्याच पोर्टमध्ये बसवायची असेल, तर दोन्ही बाजू मंद असतात आणि तेव्हा सीलंट लवकर घट्ट करणाऱ्या अॅक्टिव्हेटरचा फवारा घ्यावा किंवा धीर धरावा. मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबतो. पुण्यातल्या थंडीत पहाटे शेड गारठलेली असते, तेव्हा आणखी थोडे. साध्या पाण्याच्या दाबाला जोड लगेच टिकतो, पण ऑइलचा दाब चार-पाच बारपर्यंत जातो आणि त्यासाठी पूर्ण वेळ द्यावा.

एक शंका मला अनेकांनी विचारली आहे. एका वायरचा सेंडर आपली अर्थिंग आट्यांतूनच घेतो; मग मध्ये प्लास्टिकचा थर आला तर गेज चालेल का? मी आवळण्याआधी आणि सीलंट बरे झाल्यावर अशा दोन्ही वेळी मल्टिमीटर लावून पाहिले आणि सेंडरचे अंग ब्लॉकशी जोडलेलेच दिसले, कारण निमुळत्या आट्यांच्या बगला एकमेकींत रुतून धातूला धातू भिडतो आणि सीलंट उरलेल्या पोकळीतच राहते. टेपचे थर जास्त झाले तर हा संपर्क तुटू शकतो. तरीही मोजूनच खात्री करावी. मल्टिमीटरची दोन टोके लावायला वेळ लागत नाही.

ट्रॅकवरचा हंगाम संपल्यावर मी ऑइल प्रेशरचा अॅडॉप्टर मुद्दाम उघडून पाहिला. साध्या पान्याने तो सुटला. सुरुवातीला थोडा जोर लागला आणि मग कोरडी करकर ऐकू आली. बाहेर काढल्यावर मधल्या फेऱ्यांच्या तळाशी फिकट पिवळा, नखाने टवका निघेल असा थर होता, पुढच्या दोन फेऱ्यांवर सीलंट नव्हते आणि ऑइलचा काळा डाग पहिल्या सीलबंद फेऱ्यापाशी येऊन थांबला होता. त्या रेषेपलीकडे ओलाव्याचा मागमूस नव्हता. पितळी ब्रशने नर आटा साफ झाला. मादी आट्यातली पूड काढताना मात्र ती ऑइलच्या वाटेत पडू नये म्हणून भोकात ग्रीस लावलेले फडके कोंबून मग ब्रश फिरवावा. मध्यम ताकदीचे सीलंट असल्याने हे शक्य होते. फार जुना किंवा मोठ्या मापाचा जोड न सुटल्यास उष्णता द्यावी लागते, आणि इंधनाजवळ ते करता येत नाही, हे आधीच लक्षात घ्यावे.

याउलट टेपचा एक अनुभव. ओळखीच्या एकाच्या गाडीत इंजिन बंद केल्यावर इंधनाचा दाब लगेच उतरत असे. प्रेशर रेग्युलेटर खोलला तेव्हा आतल्या सीटवर केसाएवढा पांढरा धागा आडवा पडलेला निघाला. वरच्या गेजच्या जोडावर गुंडाळलेल्या टेपची ती कातरण होती. कातरण तेवढीच असली तरी इंजेक्टरच्या जाळीसाठी किंवा ऑइलच्या बारीक वाटेसाठी ती पुरेशी मोठी असते. टेप वाईट वस्तू नाही. घरातल्या नळाला ती योग्यच आहे. पण जिथे पुढे बारीक छिद्रे आहेत आणि जोड सतत थरथरतो, तिथे तिला जागा देऊ नये. प्लंबरचा सफेदा आणि सुतळी लोखंडी पाण्याच्या पाइपवर वर्षानुवर्षे टिकते, पण पेट्रोल आणि तापलेले ऑइल हे तिचे क्षेत्र नाही. गॅरेजमध्ये सर्रास लावले जाणारे सिलिकॉनही आट्यांसाठी नाही, कारण पेट्रोलमध्ये ते फुगते आणि आत गेलेले तुकडे रबरी गोळ्यांसारखे फिरत राहतात.

त्याच घरातल्या इतर क्रमांकांशी तुलना करायची तर ५४५ हे जांभळ्या रंगाचे सीलंट बारीक आट्यांच्या हायड्रॉलिक आणि न्यूमॅटिक जोडांसाठी आहे. त्यात भरणीचे कण नसल्याने व्हॉल्व्ह आणि फिल्टर तुंबत नाहीत आणि ताकद कमी असल्याने ते सहज सुटते. ज्यांच्या गाडीत हायड्रॉलिक क्लच किंवा पॉवर स्टीअरिंगचे टेपर जोड असतील, त्यांनी ते पाहावे. ५६७ हे पांढरे, टेफ्लॉनयुक्त सीलंट स्टेनलेसच्या जोडांना अनुकूल असून सुमारे २०४ अंश सेल्सिअसपर्यंत चालते, तर ५७७ ची मर्यादा १५० अंशांची धरावी. टर्बोच्या ऑइलच्या नळ्या किंवा एक्झॉस्टला खेटून असलेला प्लग असेल तर ५६७ घ्यावे. माझ्या बिनटर्बोच्या इंजिनात ऑइल १३० अंशांच्या पुढे जाऊ देण्याचा प्रश्नच नाही, म्हणून ५७७ पुरते. कोणतेही अॅनरोबिक सीलंट प्लास्टिकच्या जोडावर लावू नये. ते तिथे नीट घट्ट होत नाही आणि कित्येक प्लास्टिकना तडे पाडते. प्लास्टिकच्या रेडिएटर टाकीतला सेन्सर ओ-रिंगवरच बसवावा.

ब्रेकबद्दल मात्र माझा आग्रह निरपवाद आहे. ब्रेकच्या नळीत जोराने ब्रेक दाबल्यावर ७० ते १०० बारपर्यंत दाब जाऊ शकतो, आणि तिथला जोड फ्लेअरवर बंद होतो. एम१० बाय १ चा नट केवळ दाब देतो. फ्लेअर गळत असेल तर नळी कापून फ्लेअर नव्याने मारावा. टेप किंवा पेस्ट लावली तर गळती काही काळ दबते आणि ती दिसत नाही हाच धोका असतो. शिवाय टेपचा धागा मास्टर सिलिंडरच्या बारीक छिद्रात गेला तर ब्रेक धरून राहू शकतात. घरी बांधलेल्या गाड्यांत ब्रेक लाइटसाठी प्रेशर स्विच वापरतात आणि त्याला अनेकदा १/८ एनपीटीचा टेपर आटा असतो. माझ्या ब्रेकच्या परिपथात टेपर आटा येण्याची ही एकच वाट होती. मी ती बंद केली: बँजो बोल्टमध्येच स्विच असलेला, तांब्याच्या वायसरवर बसणारा प्रकार घेतला. मोटारसायकलींसाठी तो सहज मिळतो.

रबराच्या निवडीकडेही तितकेच लक्ष द्यावे लागते, कारण सीलंट चांगले आणि ओ-रिंग चुकीची असे अनेकदा होते. डॉट ३ आणि डॉट ४ ब्रेक फ्लुइडला ईपीडीएम रबर चालते आणि नायट्राइल चालत नाही. पेट्रोलला याच्या नेमके उलट. दोन्ही काळेच दिसतात, म्हणून त्यांच्या पुड्या वेगळ्या, नावे लिहून ठेवाव्यात. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते, त्यामुळे इंधनाच्या बाजूला फ्लुओरोकार्बन रबराच्या, म्हणजे व्हिटॉन जातीच्या ओ-रिंग आणि इंजेक्शनच्या दाबासाठीची होज घेणे मला शहाणपणाचे वाटते.

सगळे जोडल्यावर तपासणी इंजिन सुरू करण्याच्या आधी करावी. कूलंटचा परिपथ हातपंपाच्या टेस्टरने कॅपवर लिहिलेल्या दाबापर्यंत, साधारण १ बारपर्यंत, भरून काटा खाली येतो का ते पाहावे. ब्रेकचे पेडल दाबून आसन आणि पेडल यांच्यामध्ये लाकडी ठोकळा घट्ट बसवून रात्रभर ठेवावे आणि सकाळी प्रत्येक नटाभोवती पांढरा टिश्यू फिरवावा. ओलावा डोळ्याला दिसण्याआधी कागदावर उमटतो. इंधनाचा पंप इंजिन थंड असताना, बॅटरीच्या स्विचपाशी दुसरा माणूस उभा करून आणि हाताशी अग्निशामक ठेवून चालवावा. ऑइलसाठी स्पार्क आणि इंधन तोडून स्टार्टरने दाब चढवावा.

किंमत हा या उत्पादनाचा एकमेव खरा अडसर आहे. टेपचा रोल काही रुपयांत येतो आणि ५७७ ची ५० मिलीची बाटली हजार रुपयांच्या वर जाते. पण एका जोडाला जेमतेम मटाराएवढा माल लागतो, आणि एका गाडीत बाटलीचा लहानसा भागच संपतो. महाविद्यालयीन संघाने एक बाटली घ्यावी आणि दोन हंगाम वापरावी. एकट्याने बांधणाऱ्याने शक्य असल्यास मित्राबरोबर वाटून घ्यावी, पण दुसऱ्या डबीत ओतून नव्हे. खरेदी करताना बाटलीवरची मुदत पाहावी आणि नोझलची टोपी मूळची आहे ना हे तपासावे. उन्हात तापणाऱ्या पत्र्याच्या शेडमध्ये ती ठेवू नये. मी घरातल्या थंड कपाटात ठेवतो.

ट्रॅकवरच्या पहिल्या काही फेऱ्यांनंतर, इंजिन तापून पुन्हा थंड झाल्यावर, होजच्या सगळ्या क्लिपा पुन्हा आवळाव्या लागतात, कारण रबर दबते. हीच सवय ५७७ लावलेल्या जोडांवर मात्र चालवू नये. ते एकदा बरे झाले की थोडेही फिरवल्यास आतला थर मोडतो आणि बरा असलेला जोड गळू लागतो. असा जोड पाझरताना दिसला तर तो पूर्ण उघडावा, दोन्ही आटे ब्रशने साफ करावेत, आट्याची जात पुन्हा एकदा गेजने तपासावी आणि मगच नव्याने सीलंट लावावे.